वाचकांचे प्रश्न: सीओटूच्या टॉर्चनं थ्रीडी प्रिंटिंग

प्रश्न: सर, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. भाच्यानं व्हिडिओ बघून सीओटू वेल्डिंग मशीनचा टॉर्च जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, टेबलाला बांधला आणि 1.2 एमएमची एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) वायर थरावर थर मारून भिंत उभी करायला लागला, वायर आर्क अॅडिटिव्ह म्हणतो त्याला. खालचे दहाबारा थर एकदम झकास, वर मात्र सगळं ओघळतं, भोकं पडतात, आणि क्लॅम्प काढले तर 10 एमएमची प्लेट होडीसारखी वाकलेली. आता म्हणतो रोबो घेऊ. घेऊ का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. मशीन ठीक आहे, भाचाही हुशार दिसतोय, फक्त त्याला घाई आहे आणि या कामात घाई केली की उष्णता सूड घेते.

होतं काय, की पहिले थर थंड जाड प्लेटवर पडतात, प्लेट सगळीकडून उष्णता ओढून घेते, बीड, म्हणजे वितळलेल्या वायरची पट्टी, पटकन गोठतो. भिंत वर गेली की उष्णतेला खाली जायला त्या पाचसात एमएमच्या भिंतीतूनच वाट, ती तर आधीच तापलेली, मग नवा बीड गोठायच्या आत पसरतो, रुंद होतो, उंची कमी भरते. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रोग्रॅममध्ये थर 2 एमएमचा धरलाय पण प्रत्यक्षात पडतोय 1.6 चा, तर 30 थरांनंतर टॉर्च जॉबपासून 12 एमएम जास्त वर गेलेला असतो! वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा गॅस तिथं नीट पोचतच नाही, हवा आत शिरते, म्हणून ती भोकं. तुम्ही गॅसवाल्याला शिव्या घालत बसला असाल, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

तेव्हा प्रत्येक थरानंतर थांबा. एमएससाठी आधीच्या थराचं तापमान दीडशे डिग्रीच्या आसपास उतरलं की पुढचा थर. टेंपरेचर गन चकचकीत धातूवर खोटं बोलते, त्यापेक्षा टेंपरेचरचा खडू घ्या, त्या डिग्रीला वितळतो म्हणजे वितळतोच. पहिले तीनचार थर झाले की करंट थोडा उतरवा. एक थर डावीकडून मारला तर पुढचा उजवीकडून, कारण आर्क, म्हणजे वायर वितळवणारी विजेची ज्योत, सुरू होतो तिथं उंचवटा येतो आणि बंद होतो तिथं उतार, एकाच दिशेनं मारत राहिलात तर भिंतीची घसरगुंडी होईल. आणि दर पाच थरांनी खरी उंची मोजून प्रोग्रॅम दुरुस्त करा, हे भाच्याला कंटाळवाणं वाटेल पण करायला लावा.

प्लेटचं म्हणाल तर गोठताना प्रत्येक थर आकसतो आणि प्लेटला वर खेचतो, 10 एमएम काय टिकणार. 25 ची घ्या, आणि जमलं तर एक थर वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला असं आलटून पालटून मारा, दोन्हीकडची ओढ एकमेकींना खाते. क्लॅम्प काढायच्या आधी स्ट्रेस रिलीव्ह, म्हणजे जॉब तापवून हळूहळू थंड करत आतला ताण घालवणं, करून घेतलं तर उत्तमच.

आता धंद्याचं, कारण पत्रात तुम्ही ते विचारलं नसलं तरी मनात तेच आहे. मिनिटाला 5 मीटर वायर गेली तर तासाला अडीच किलोच्या थोडं वर धातू पडतो, तोही थांबण्याचा वेळ न धरता. एमएसचं ब्रॅकेट असं करायला गेलात तर शेजारचा लेझर कटिंगवाला तुम्हाला हसेल. हे परवडतं ते महाग धातूत, मोठ्या जॉबला, एकदोनच नग हवे असतील तिथं. विमानाचा टायटॅनियमचा पार्ट ठोकळ्यातून कोरून काढताना ठोकळ्याचा बहुतेक भाग चिप्स, म्हणजे कीस, होऊन जातो, तिथं याचा फायदा डोळ्यांना दिसतो. रॉटरडॅमला 2017 साली जहाजाचा ब्राँझचा प्रोपेलर असाच 298 थरांत केला, अॅमस्टरडॅमला 2021 साली 12 मीटरचा स्टेनलेसचा पादचारी पूल लोकांना खुला झाला. आणि कल्पना काही आजची नाही हो, आर्कनं वायर वितळवून वस्तू घडवायचं पेटंट अमेरिकेत 1925 साली मिळालंय.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी सुरुवात रिपेअरमध्ये आहे. झिजलेला शाफ्ट, चाकणच्या फोर्जिंगवाल्यांच्या खाल्लेल्या डाय (तापलेला धातू ठोकून घडवायचे साचे), त्यावर भर टाकायची, दोनतीन एमएम जास्त ठेवायचे आणि मशीनिंग करून द्यायचं. डायच्या स्टीलला मात्र प्रीहीट, म्हणजे आधीच तापवून घेणं, लागतो, तिथं वरचे दीडशे डिग्रीचे आकडे चालवू नका, तडे जातील.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही अॅल्युमिनियमच्या वायरनं हेच करतोय. कापून बघितलं तर आत जाळीदार पाव. मे महिन्यात बरं येत होतं, जुलैत बिघडलं.
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर: उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे की, मे आणि जुलै! वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन भरपूर पिऊन घेतं आणि गोठताना त्याला तो सांभाळता येत नाही, बुडबुडे आतच अडकतात. हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून. पावसाळ्यात वायरचा रीळ उघडा फीडरवर राहिला असणार. नवा रीळ आणा, काम संपलं की सिलिका जेल टाकून डब्यात बंद करा, प्लेट अॅसिटोननं पुसा, स्टेनलेसचा ब्रश अॅल्युमिनियमसाठी वेगळा ठेवा. आर्गॉन गॅसचा पाइप जुना झाला असेल तर तोही बदला, त्यातूनही ओल शिरते.