बाबांच्या ठेवीतून अल्बम काढावा का?

प्रश्न (थोडक्यात): मी २६ वर्षांचा आहे, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. राइस मिलमध्ये ऑपरेटर आहे, महिन्याला हाती १६,५०० रुपये येतात. घरी आई आणि नर्सिंगला शिकणारी धाकटी बहीण. दोन एकर धानाची शेती आहे, बहिणीची फी त्यातून निघते. तीन वर्षांपूर्वी बाबा बांधावर साप चावून गेले. शेतकरी अपघात योजनेचे २ लाख आणि जीवनज्योती विम्याचे २ लाख मिळाले. त्यातून घरावर पत्रे टाकले. बाकीचे, व्याज धरून, ३,८०,००० रुपये आईच्या नावे जिल्हा बँकेत एफडीत आहेत. दर ७ टक्के, मुदत मार्चमध्ये संपते. आम्हा चौघांचा बँड आहे. मेटल आणि हिपहॉप एकत्र वाजवतो, रॅप झाडीबोलीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, असतो. कुठल्याच कंपनीशी करार नाही. नऊ गाण्यांच्या अल्बमला ४,२०,००० लागतात: नागपुरात रेकॉर्डिंग १,८०,०००, व्हिडिओ ९०,०००, वाद्यं आणि अँप १,१०,०००, प्रवास ४०,०००. तिघं जण २०-२० हजार देतील, उरलेले ३,६०,००० मी एफडी मोडून घालावेत असं ठरतंय. आई ‘घे बापू’ म्हणाली. नाहीतर सोसायटीतून बिनव्याजी पीककर्ज उचलू का? शिवाय मुंबईहून एकाचा फोन आला होता: ७५,००० भरा, गाण्यांचे हक्क आमच्याकडे द्या, आम्ही तुम्हाला साइन करतो. गेल्या वर्षी सहा कार्यक्रम झाले, ३१,००० आले, २२,००० जाण्यायेण्यात गेले.

उत्तर:

भाऊ, पत्रासोबत पाठवलेली क्लिप मी दोनदा ऐकली. मिलच्या गोदामात, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना टांगून तुम्ही वाजवताय. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून रात्र काढणारा माणूस विचारतो, काटा कधी होणार. तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा सगळ्या गिटारी एकदम अंगावर येतात. मी ब्रह्मपुरीची. त्या रांगेत माझे वडीलही पोत्यांवर झोपलेले आहेत. त्यामुळे तुमच्या गाण्याची किंमत मला कळत नाही असं समजू नका. तरीही सांगते: एफडी मोडू नका. अल्बम या वर्षी काढू नका. तीन गाणी काढा, ८०,००० रुपयांत, आणि त्या तीन गाण्यांची मालकी चौघांच्या नावे कागदावर पक्की करा.

आता कारणं. सहा कार्यक्रमांतून खर्च जाऊन ९,००० उरले, म्हणजे एका कार्यक्रमाला १,५००. या हिशेबानं ४,२०,००० परत यायला २८० कार्यक्रम लागतील. तुम्ही म्हणाल, अल्बम निघाला की कार्यक्रम वाढतील. वाढतीलही. पण ते नऊ गाण्यांमुळे वाढतील की लोक ज्या एका गाण्यासाठी थांबतात त्यामुळे, हे आज तुम्हालाही माहीत नाही. ते शोधायला तीन गाणी पुरतात. ऑनलाइन कमाईवर तर सध्या काहीच धरू नका. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला एक रुपयाही मिळत नाही, २०२४ पासून तसा नियम आहे. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). हे आकडे गाठता येतात, पण त्याला वेळ लागतो. आईच्या एफडीनं तोवर घर सांभाळायचं आहे.

तुमच्या घराचा खर्च तुम्ही महिन्याला ११,००० लिहिलाय. बचत खात्यात आहेत १४,०००. मिलचा हंगाम संपला, मालकानं चार महिने बसवून ठेवलं, किंवा एका पावसानं कापलेलं धान बांधीतच भिजलं, तर बहिणीची फी कुठून जाणार? त्या एफडीतूनच. सहा महिन्यांचा खर्च ६६,००० होतो, आणि तिची दोन वर्षं अजून बाकी आहेत. ३,६०,००० काढल्यावर एफडीत २०,००० उरतात. तेवढ्यावर तीन माणसांचं घर उभं ठेवायचं आणि वर कर्जही नको, हे जमणारं नाही.

आणि आईच्या ‘घे बापू’बद्दल. आपल्याकडे आई नाही म्हणत नाही. पैसे तिच्या नावावर आहेत, तिच्या नवऱ्याच्या जिवाचे आहेत, आणि तुम्ही मागितले म्हणून ती देतेय. ४,२०,००० चा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडून, यातले परत किती येतील असं तिनं तुम्हाला विचारलंय का? विचारलं नसेल तर तो होकार मायेचा आहे, व्यवहाराचा नाही.

पीककर्जाचं लगेच संपवते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य व्याजानं पडतं, हे खरं. पण मर्यादा ३ लाखांची असली तरी कर्ज एकराच्या दरानं मिळतं. दोन एकर धानावर ३ लाख कोणी देणार नाही. शिवाय ते पेरणीसाठी आहे. रोवणीच्या मजुरीला आणि खताला तो पैसा नसला की तुम्ही सावकाराच्या दारात जाल, मुदत चुकली की सवलतही जाईल. त्याला हात लावू नका.

मुंबईच्या फोनचंही तसंच. कंपनी बँडला साइन करते तेव्हा पैसा कंपनीकडून बँडकडे येतो. जो तुमच्याकडून ७५,००० घेतो आणि वर हक्कही मागतो, तो तुम्हाला साइन करत नाही, तुम्ही त्याचे गिऱ्हाईक आहात. त्याला नकार कळवा आणि विषय सोडा.

हक्कांचं मात्र सविस्तर लिहिते. तुमच्याकडे विकत घेतलेली गिटार आहे, उधारीचा ड्रमसेट आहे, पण खरी मालमत्ता म्हणजे गाणं. गाण्याचाही सातबारा असतो, फक्त तो तलाठ्याकडे मिळत नाही. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क चाल लावणाऱ्यांचा, आणि तो त्यांच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. गाणं रचलं त्या क्षणी हक्क तयार होतो; नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर कामी येते. शब्दांची किंवा चालीची नोंदणी ५०० रुपयांत होते, रेकॉर्डिंगची २,००० रुपयांत. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, आणि तो ते करवून घेण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा. म्हणून स्टुडिओचं बिल कुणाच्या नावे फाडलं जातं हे महत्त्वाचं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कागद देणारा माणूस या दोन ओळी काय लिहितो ते आधी बघा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा सहसा लिहूनही सोडता येत नाही. तो गोळा करायला १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. रॅप लिहिणाऱ्या मित्राला आणि चाल लावणाऱ्यांना तिचं सदस्य व्हायला सांगा.

गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या सेवा दोन प्रकारच्या असतात, आणि शेतकऱ्याला त्या समजावून सांगायची गरज नाही. एक मक्त्यासारखी: वर्षाची ठरावीक रक्कम भरा, पीक सगळं तुमचं. दुसरी बटईसारखी: आधी काही भरू नका, येईल त्यात त्यांचा हिस्सा. उत्पन्न आज जवळजवळ शून्य आहे, तेव्हा माझं मत बटईकडे. पुढे पीक वाढलं तर मक्त्यावर जाता येईल, जमीन तुमचीच राहते.

आता चौघांच्या आपसातल्या कागदाकडे या. तुमच्या बेतात तुम्ही ३,६०,००० घालणार, म्हणजे दर १०० रुपयांत जवळपास ८६ तुमचे. लेखी काही नसेल आणि तुमची भागीदारी आहे असं धरलं गेलं, तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानं नफा-तोटा सारखा वाटला जातो. म्हणजे नफ्यात तुमचा चौथा हिस्सा, आणि बाहेरच्या देण्याला चौघंही जबाबदार. तिघं हात वर करतील तर घेणेकरी एकट्या तुम्हाला धरू शकतो. ते तुमचे जिवाभावाचे दोस्त आहेत, मला माहीत आहे. ड्रम वाजवणारा उद्या पुण्याला कंपनीत लागेल, एखाद्याचं लग्न होईल, आणि तुम्ही त्यांच्याकडे तीन लाख मागायला जाणार नाही. पैसा गेलाच, मैत्रीतही गाठ बसेल. म्हणून चौघांनीही सारखे २०,००० घाला आणि ५०० च्या स्टॅम्पवर लिहून घ्या: कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, सोडून जाणाऱ्याला काय मिळेल, बँडचं नाव कोणाकडे राहील.

तुमचे २०,००० मुद्दलातून नको. मार्चमध्ये एफडी नवी कराल तेव्हा व्याज मुद्दलात न मिळवता दर तिमाहीला हाती घ्यायचा पर्याय निवडा. ३,८०,००० वर ७ टक्क्यांनी वर्षाला २६,६०० येतात. बाबांच्या पैशाचं व्याज या वर्षी गाण्याला लागू द्या, मुद्दल घराला राहू द्या. जिल्हा बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, तिथेच ठेवा; जास्त दरासाठी पतसंस्थेत नेऊ नका, तिथे ते संरक्षण नाही.

तुमच्याच अंदाजानं एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला २०,००० पडतात. तीन गाण्यांचे ६०,०००. मेटलमध्ये महाग असतात ते ड्रम, कारण त्यांना बरेच माइक आणि चांगली खोली लागते. तेवढ्यासाठी नागपूरला जा, तिन्ही गाण्यांचे ड्रम एकाच दिवसात उरका. गिटार आणि रॅप घरी होतात. उरलेल्या २०,००० त ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) आणि एक बरा माइक घ्या, आणि चार वाकळा टांगून कोपरा बांधा. हिपहॉप जगभर असंच घरात वाढलेलं आहे. व्हिडिओला ९०,००० घालू नका. बारदान्यासमोर मोबाइलवर घेतलेली तुमची क्लिप कुठल्याही भाड्याच्या लोकेशनपेक्षा खरी आहे.

दिल्लीच्या ब्लडीवुडची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याच वाटेवरचे आहेत: मेटल, रॅप, ढोल. २०१६ च्या आसपास त्यांनी इंटरनेटवर एकेक व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवलं. स्वतःच्या गाण्यांचा पहिला मोठा अल्बम आला २०२२ मध्ये, तोही कंपनीशिवाय. ऐकणारे आधी जमले, अल्बम नंतर आला. तुम्ही उलट्या टोकानं निघाला आहात.

ऐकणारे कुठे जमतील, यावर मला सांगायचं आहे. तुम्ही नागपूर, पुणे, मुंबई लिहिता आणि जवळचं वडसा लिहीत नाही. दिवाळीनंतर मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत गावंच्या गावं तिकीट काढून, घोंगडी घेऊन, रात्रभर नाटक बघतात. माझे काका गावात नाटक ठेवणाऱ्या मंडळाचा हिशेब सांभाळायचे. पहाटे चारला, पडदा पडल्यावर, स्टेजमागे एका बल्बखाली ते नोटा मोजायचे आणि मी शेजारी डोळे चोळत बसायची: मंडप, लाइट, नाटक कंपनीची बुकिंग, शेवटी मंडळाला काय उरलं. तोटा झाला तर मंडळाचा; नटाला त्याची नाइट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, मिळालेली असायची. कलेसाठी खिशात हात घालणारा एवढा मोठा ग्रामीण प्रेक्षक तुमच्या दारात आहे, आणि रॅप त्याच्याच बोलीत आहे. वडशात या नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिथे जा, नाटकाआधीचा अर्धा तास मागा. मंडईच्या दिवसांत मंडळांना भेटा. दोन अटी पाळा: मानधन आधी ठरवायचं, आणि इसार घेतल्याशिवाय गाडी काढायची नाही. वीस किलोमीटरवरच्या कार्यक्रमाला २२,००० चा प्रवास लागत नाही, तुमचा १,५०० चा आकडा तिथेच बदलेल.

पुढच्या होळीपर्यंत १५ कार्यक्रम झाले आणि प्रत्येकी ३,००० उरले तर बँडकडे स्वतःचे ४५,००० असतील. त्यातून पुढची गाणी काढा, मला आनंदच होईल. आकडा त्याच्या खाली राहिला तर मिलमधली नोकरी आणि रविवारचा सराव दोन्ही चालू ठेवून आणखी एक हंगाम बघा. मुद्दलाचा प्रश्न दोन्ही वेळी येत नाही.

एक राहिलं. ज्या जीवनज्योती विम्यानं तुमच्या घराला आधार दिला, तो तुमच्या स्वतःच्या खात्यावर आहे का, हे पत्रात नाही. हप्ता वर्षाला ४३६ रुपये. अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपयांत. रात्री-अपरात्री वाद्यं घेऊन मोटरसायकलवर फिरणारा, घरातला एकमेव पगार आणणारा माणूस आहात तुम्ही. दोन्ही फॉर्म या आठवड्यात भरा, वारस म्हणून आईचं नाव घाला. आणि मार्चमध्ये बँकेत जाल तेव्हा तिला सोबत न्या. तिमाही व्याजाच्या रकान्यात खूण तिच्याच हातानं होऊ द्या.