इंग्लंडमध्ये घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलंय, दोन लहान मुलं आहेत. कौन्सिल खरंच काही मदत करते का?

तुम्ही लिहिलंय की घरमालकाला घर विकायचंय, चार महिन्यांची नोटीस हातात पडलीय, आजूबाजूचं भाडं परवडत नाही आणि ओळखीतले म्हणतात, कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, आपल्या लोकांना काही देत नाही. हे शेवटचं आधी डोक्यातून काढून टाका. कौन्सिल मदत करते. फक्त ती वेळेत मागावी लागते आणि लेखी मागावी लागते. मी दोन्ही केलं नाही. त्याचं काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यावर ती पाळी येणार नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये आम्हाला नोटीस आली. तेव्हा भाड्याच्या घरांच्या कायद्यातलं कलम २१ चालू होतं, काहीही कारण न देता दोन महिन्यांत घर सोडा म्हणता यायचं. (१ मे २०२६ पासून ते इंग्लंडमध्ये बंद झालंय. आता विक्रीसारखं ठोस कारण लागतं आणि विक्रीसाठी चार महिने द्यावे लागतात, म्हणून तुमची नोटीस चार महिन्यांची आहे.) मिस्टरांची नोकरी गेली होती, मी शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करत होते. मे महिन्यात कौन्सिलच्या काउंटरवर गेले. काचेपलीकडच्या बाईंनी नोटीस उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अजून कोर्टाची ऑर्डर कुठे आहे? बेलिफची तारीख आली की या." (बेलिफ म्हणजे कोर्टाच्या हुकुमाने घर रिकामं करून घेणारा माणूस.) मी थँक यू म्हणून परत आले. सरकारी माणूस सांगतोय म्हणजे तसंच असणार, असं आपल्याला वाटतं ना, तसं.

ते तसं नव्हतं. २०१७ चा होमलेसनेस रिडक्शन अ‍ॅक्ट ३ एप्रिल २०१८ पासून लागू झालाय. पुढच्या ५६ दिवसांत तुमचं घर जाण्याची शक्यता असेल आणि तुम्ही मदतीला पात्र असाल, तर तेव्हापासूनच कौन्सिलवर जबाबदारी येते. घर टिकवायला किंवा दुसरं मिळवायला मदत करायची आणि तुमच्यासोबत बसून एक लेखी आराखडा बनवायचा, ज्यात ते काय करणार आणि तुम्ही काय करणार हे दोन्ही असतं. घरमालकाशी बोलणं, नव्या घराच्या डिपॉझिटला हातभार, पहिल्या महिन्याचं भाडं, अशा गोष्टी या टप्प्यावर होऊ शकतात. नंतर होत नाहीत असं नाही, पण तोवर तुम्ही हॉटेलच्या खोलीत असता. कौन्सिलांसाठी सरकारची जी मार्गदर्शिका आहे तिच्यातही लिहिलंय की बेलिफ येईपर्यंत कुटुंबाला तिथेच थांबवून ठेवणं योग्य नाही. काउंटरवर कोणी तोंडी "नंतर या" म्हणालं तर तो निर्णय नसतो. त्यांना एवढंच सांगा: "हे मला लिहून द्या." नाहीतर तिथूनच त्यांना ईमेल पाठवा: आज अमुक तारखेला मी होमलेसनेसचा अर्ज करायला आले होते, मला असं असं सांगून परत पाठवलं.

मी थांबले. जुलैमध्ये कोर्टाची ऑर्डर आली आणि घरमालकाने भरलेली ३५५ पौंडांची कोर्ट फी आमच्यावर बसली. गणपतीच्या आधी बेलिफचं पत्र आलं. त्या वर्षी दीड दिवसाचा गणपती बसवला तो खोक्यांच्या मधोमध, मायक्रोवेव्हच्या खोक्यावर पाट ठेवून. मंडळाच्या आरतीला गेले तेव्हा चार जणींनी विचारलं, कशा आहात. मजेत, म्हणाले. त्यातल्या एकजणी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत दर बुधवारी बसायच्या, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं! म्हणून हात जोडून सांगते, लाजू नका. घर जाणं म्हणजे चोरी केली नाही आपण.

आता व्हिसा, कारण सगळं त्यावर येऊन थांबतं आणि तुम्ही तुमचा व्हिसा कुठला ते लिहिलेलं नाही. ब्रिटिश पासपोर्ट किंवा आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) असेल तर साधारणपणे तुम्ही पात्र. स्किल्ड वर्कर, स्टुडंट किंवा स्पाऊस व्हिसावर बहुतेक वेळा "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असते आणि कौन्सिलची घराची मदत त्या पब्लिक फंड्समध्ये मोडते. तसं असेल तर आधी सल्ला घ्या, मगच अर्ज करा, नाहीतर पुढे व्हिसाला अडचण येऊ शकते. नवराबायकोंपैकी एकाकडेच आयएलआर असेल तरी तेच, अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे सल्लागाराला विचारून ठरवा. नुसती माहिती आणि सल्ला मात्र कौन्सिलने सगळ्यांना फुकट द्यायचा असतो. आणि मुलं असतील तर आणखी एक दार आहे: १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टचं कलम १७. त्याखाली मुलांच्या गरजेसाठी सोशल सर्व्हिसेस (कौन्सिलचा समाजसेवा विभाग) निवारा देऊ शकतात आणि ती मदत पब्लिक फंड्समध्ये धरत नाहीत. हे आपल्या लोकांना जवळजवळ कोणालाच माहीत नसतं.

घर गेलंच तर त्याच दिवशी डोक्यावर छप्पर कोणाला द्यायचं, याला ते "प्रायॉरिटी नीड" म्हणतात. सांभाळायची मुलं असलेलं घर त्यात येतं. गरोदर बाई येते, आग किंवा पुराने बेघर झालेले येतात, आजारपणामुळे किंवा वयामुळे जे इतरांपेक्षा जास्त अडचणीत सापडतील ते येतात. २०२१ पासून घरगुती छळामुळे बेघर झालेल्यांनाही त्यात धरतात. तुम्हाला मुलं आहेत, म्हणजे या मुद्द्यावर चिंता नको. एकट्या धडधाकट माणसाला आराखडा आणि सल्ला मिळतो, खोली मिळेलच असं नाही. माझ्या मते हा या कायद्यातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. स्कॉटलंडने ही प्रायॉरिटीची अट २०१२ च्या अखेरीस काढून टाकली, इंग्लंडने अजून नाही.

बेलिफ आले त्या दिवशी आम्हाला एका हॉटेलात खोली दिली. दोन पलंग, एक किटली, फ्रिज नाही, खोलीत शिजवायला बंदी. मी पोहे चाळणीत घेऊन वरून किटलीचं गरम पाणी ओतायचे, मीठ, साखर, लिंबू आणि घरून आणलेलं मेतकूट. धाकटी म्हणायची, आई, फोडणी कधी घालणार? शाळेचे कपडे बेसिनमध्ये धुऊन हीटरवर वाळत घालायचे आणि सकाळी कॉलर ओलीच असायची. ३४ दिवस काढले. मुलं असलेल्या कुटुंबाला अशा बीअँडबीत (बेड अँड ब्रेकफास्ट, हॉटेलसारख्या खोलीत) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हा २००३ चा नियम आहे. तोही मला तिथे भेटलेल्या एका सोमाली बाईने सांगितला. ३५ व्या दिवशी तात्पुरता फ्लॅट मिळाला. शाळेला दोन बस बदलून जावं लागायचं, पण गॅस होता.

तुम्ही आत्ता काय करायचं ते एकेक सांगते. घर सोडू नका. नोटिशीची तारीख उलटली म्हणून चावी परत दिली तर "तुम्ही स्वतःहून बेघर झालात" असा शिक्का बसू शकतो, आणि तो बसला की मुलं असूनही पुढची मोठी जबाबदारी, म्हणजे कायमची सोय होईपर्यंत घर देणं, कौन्सिल नाकारू शकते. कोर्टाच्या ऑर्डरशिवाय घरमालकाला तुम्हाला बाहेर काढता येत नाही. परस्पर कुलूप बदललं तर १९७७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. भाडं भरत राहा, थोडं कमी पडलं तर पडलं, पण बंद करू नका, कारण थकबाकीमुळेही तोच शिक्का बसू शकतो. नोटिशीचा पहिलाच आठवडा असला तरी सल्ल्यासाठी जायला हरकत नाही, आणि ५६ दिवस उरले की अर्ज करायचाच. सोबत नोटीस, भाडेकरार, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं, मुलांचे जन्मदाखले, तीन-चार महिन्यांची बँक स्टेटमेंटं न्या. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, फोनवरही मराठी दुभाषी जोडून देता येतो. मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नका. त्याच्या कानावर हे सगळं पडायला नको.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. ऑगस्ट २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सरकारी योजना आहे की घर सोडण्याबद्दल लेखी नोटीस आली की उत्पन्न कितीही असो, फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. तिचं नाव हाउसिंग लॉस प्रिव्हेन्शन अ‍ॅडव्हाइस सर्व्हिस. कोर्टाच्या तारखेलाही त्यांचा माणूस तिथे असतो. शेल्टर या संस्थेची हेल्पलाइनही फुकट आहे: ०८०८ ८०० ४४४४.

कौन्सिलचा निर्णय पत्राने येतो. पटला नाही तर २१ दिवसांत फेरविचार मागायचा. त्यांनी देऊ केलेलं कायमचं घर आवडलं नाही तर बरेच जण रागाने नाही म्हणतात आणि तिथेच सगळं संपतं. तसं करू नका. घर घ्या आणि त्याच वेळी फेरविचारही मागा. दोन्ही एकदम करता येतं.

आणि सामान. घर गेल्यावर ठेवायला जागा नसेल आणि सामान खराब व्हायची किंवा हरवायची भीती असेल तर कौन्सिलने तुम्हाला राहायची सोय करताना ते सांभाळायचंही असतं, थोडे पैसे घेऊन का होईना. मला हे माहीत नव्हतं. मी शिलाई मशीन, मोठ्याचा अभ्यासाचा टेबल आणि सासूबाईंनी दिलेला पाटा-वरवंटा फुटपाथवर मांडून "फुकट न्या" अशी चिठ्ठी लावली होती. संध्याकाळी गेले तर पाटा तेवढा तिथेच होता, कोणाला तो काय आहे ते कळलं नसणार. हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर तो नेणं शक्य नव्हतं. तुम्ही अर्जातच लिहा, सामान ठेवायला जागा नाही, आणि कुठलं सामान आहे त्याची यादी जोडा.