‘मार्गरीत’ या नावातला पक्षी

प्रश्न असा आहे : फ्रान्समधील ल्यों शहरात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याला, मुलगी झाल्यास, तिला फ्रेंचांच्या पणजीच्या पिढीतले जुन्या वळणाचे नाव ठेवायचे आहे. मार्गरीत, झेर्मेन आणि ओदेत ही तीन नावे त्यांनी निवडली आहेत. मार्गरीत म्हणजे डेझीचे फूल हे खरे का, ती म्हणजे आपली मंजिरीच असे सांगतात ते खरे का, आणि देवनागरीत हे नाव कसे लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

झेर्मेन आणि ओदेत यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. झेर्मेन म्हणजे ‘जर्मन स्त्री’ असे ठोकून देणाऱ्यांनी लॅटिनमधील ‘गेर्मानुस’ हा शब्द एकदा पाहावा. त्याचा अर्थ एकाच आईबापांचे, सख्खे असा होतो, स्पॅनिशमध्ये भावाला ‘एर्मानो’ म्हणतात ते त्यावरूनच, आणि या नावाच्या मुळाशी हाच शब्द असावा असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. तुलूझजवळच्या पिब्राक गावची मेंढपाळ मुलगी संत झेर्मेन (मृत्यू 1601) हिच्यामुळे दक्षिण फ्रान्समध्ये हे नाव रुजले. ओदेतचे मूळ ‘संपत्ती’ या अर्थाच्या जर्मानिक धातूत आहे आणि शेवटचा ‘एत’ हा लाडाचा, लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे. पोलेत, झिनेत, आर्लेत या नावांच्या पंक्तीत ते बसते, आणि ती पंक्ती पहिल्या महायुद्धानंतरच्या काळाची आहे.

इथे ‘जुने’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण फ्रान्समध्ये सर्व जुनी नावे सारखी जुनी नसतात. पणजीचे नाव परत येते, आजीचे येत नाही. लुईझ, झान, रोझ, आलीस ही विसाव्या शतकाच्या आरंभीची नावे आज पाळणाघरांत पुन्हा ऐकू येतात. मोनिक, निकोल, झोझियान ही त्यानंतरच्या पिढीची नावे मात्र अजून कोणी उचलत नाही, कारण ती नावे धारण करणाऱ्या बायका अजून आसपास आहेत. मार्गरीत हे 1900 साली फ्रान्समध्ये मुलींना सर्वाधिक ठेवल्या गेलेल्या पहिल्या पाच नावांतले होते, शतकाच्या मध्यावर ते जवळजवळ बंद पडले, आणि आता ते हळूहळू परतते आहे. तुम्हाला हवे असलेले जुनेपण या नावात नेमके आहे. कायद्याची अडचणही नाही. 1803 च्या कायद्याने फक्त दिनदर्शिकांतील संतांची आणि प्राचीन इतिहासातील व्यक्तींची नावे मान्य केली होती, तेव्हाही मार्गरीत चालत होते. 1993 पासून तर आईबापांना जवळपास पूर्ण मुभा आहे.

आता फुलाकडे वळतो. नावांचे अर्थ देणाऱ्या याद्यांमध्ये ‘मार्गरीत : डेझी’ असे छापलेले पाहून मला दरवेळी खेद होतो, कारण त्यात दोन चुका एकावर एक रचलेल्या आहेत. इंग्रजांची गवतात उगवणारी लहानशी डेझी फ्रेंचमध्ये ‘पाकरेत’ असते. तिच्या नावात ‘पाक’ म्हणजे ईस्टर आहे. ‘मार्गरीत’ हे फूल त्याहून मोठे आणि उंच दांड्याचे असते, आणि फ्रेंच प्रेमिक ज्याच्या पाकळ्या एकेक करून तोडत ‘तिचे माझ्यावर प्रेम आहे की नाही’ हे पाहतो ते हेच. पण मूळ चूक याहून मोठी आहे. फुलाला हे नाव नंतर मिळाले. शब्दाचा पहिला अर्थ मोती हाच आहे. ग्रीक ‘मार्गारितेस’, लॅटिन ‘मार्गारिता’, आणि त्यातून जुने फ्रेंच रूप, अशी ही सरळ वाट आहे. ‘डुकरांपुढे मोती टाकू नका’ हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन लॅटिनमध्ये ‘मार्गारितास’ असे आहे, आणि जुन्या फ्रेंचमध्ये ते ‘डुकरांपुढे मार्गरीत’ असेच म्हणत असत. आजचा वाचक तिथे फुले पाहतो आणि वचनाचा रोखच हरवून बसतो. तुमच्याच ल्यों शहरात 1547 साली राजा पहिला फ्रान्स्वा याची बहीण, नावारची राणी मार्गरीत, हिचा काव्यसंग्रह छापला गेला, आणि त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘राजकन्यांमधील मोत्याचे मोती’ असा होतो. सोळाव्या शतकातील सुशिक्षित फ्रेंच वाचकाला या नावात मोती दिसत होता, याला आणखी पुरावा कशाला हवा? एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने मोत्यासारखी चमक असलेल्या एका मेदाम्लाला याच शब्दावरून नाव दिले, आणि त्यातूनच पुढे मार्गारीन आले.

‘मंजिरी’चा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण हा बादरायण संबंध अनोळखी माणसांनी नव्हे, तर नामवंत कोशांनी पसरवला आहे. ग्रीक शब्द संस्कृत ‘मञ्जरी’वरून आला असे युरोपातील जुन्या कोशकारांनी लिहून ठेवले, आणि आपल्याकडे ते अभिमानाने उचलले गेले. मला हे मत मान्य नाही. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘मञ्जरी’चा एक अर्थ मोती असा आहे हे खरे, परंतु त्यापुढे तो केवळ कोशांमध्येच आढळत असल्याची खूण केलेली आहे, काव्यात मञ्जरी म्हणजे मोहोर, तुरा, कळ्यांचा घोस. शिवाय ध्वनीही जुळत नाहीत. ग्रीकांनी भारतीय ‘ज’ आपल्या ‘झ’ने लिहिला, उज्जयिनीचे त्यांनी ‘ओझेने’ केले. तेच लोक ‘ञ्ज’चा ‘र्ग’ का करतील, याचे उत्तर या मताच्या पुरस्कर्त्यांनी दिलेले मला आढळले नाही.

त्यांचा हुकमी साक्षीदार म्हणजे ॲरियन हा ग्रीक लेखक. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीसच्या आधारे तो लिहितो की हेराक्लीस या ग्रीक पुराणातील वीराला समुद्रात स्त्रियांचा एक नवा दागिना सापडला, भारतीयांच्या भाषेत त्याला ‘मार्गारितेस’ म्हणतात, आणि आपल्या मुलीला सजवण्यासाठी त्याने सगळ्या समुद्रांतून ते मोती गोळा केले. त्या मुलीचे नाव पांडाइआ. म्हणजे ही कथा दक्षिणेतील तमिळ पांड्यांच्या देशाची, मन्नारच्या आखातातील मोत्यांची आहे. मुलीच्या नावासाठी मोती शोधणाऱ्या पालकांना ही कथा आवडेल, आणि आवडावीच. परंतु पांड्यांच्या देशात मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात, आणि आपला ‘मुक्ता’ हा शब्द त्याचेच संस्कृत रूप असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मौक्तिक आणि मोती ही त्यापुढची पावले आहेत. ‘मार्गारितेस’ हा शब्द भारतीय असता तर तो त्या किनाऱ्यावर किंवा पाटलिपुत्रात कुठे तरी सापडला असता. माझ्या मते मेगॅस्थेनीसने वस्तू भारताची पाहिली आणि शब्दही भारताचाच असावा असे धरून चालला.

शब्द इराणचा आहे. मोत्याला फारसीत आजही ‘मरवारीद’ म्हणतात. त्याचे मध्ययुगीन रूप इराणच्या दोन भागांत दोन तऱ्हांनी मिळते : नैर्ऋत्येकडील पहलवी भाषेत ‘मुर्वारीद’ आणि ईशान्येकडील पार्थियन भाषेत ‘मुर्गारीद’. आता पक्षी या अर्थाचा शब्द पाहा : पहलवीत ‘मुर्व’ आणि पार्थियनमध्ये ‘मुर्ग’. जिथे पक्ष्याला ‘व’ आहे तिथे मोत्यालाही ‘व’ आहे, आणि जिथे पक्ष्याला ‘ग’ आहे तिथे मोत्यालाही ‘ग’. ही जोडी मला इतकी निर्णायक वाटते की तिच्यापुढे मञ्जरीचा मोहोर टिकत नाही. इल्या गेर्शेविच या इराणविद्या-पंडितांनी याच आधारावर मूळ शब्द ‘पक्ष्याच्या कवचातून जन्मलेला’ अशा अर्थाचा मांडला. त्यांच्या उपपत्तीचा उत्तरार्ध, म्हणजे ‘कवचातून जन्मलेला’ हा भाग, सर्वांना पटलेला नाही. पूर्वार्धाविषयी, म्हणजे पक्ष्याविषयी, मला स्वतःला शंका नाही. शिंपल्याच्या दोन झडपांमध्ये पांढरा, गोल, गुळगुळीत मोती पाहणाऱ्या पाणबुड्याला अंडे आठवले असेल, आणि अंडे आठवले की त्यामागोमाग पक्षी येणारच, असे मी समजतो. हा माझा तर्क आहे, पण त्याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

आणि हा ‘मुर्ग’ आपल्याला परका नाही. अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील पक्षिवाचक शब्द आणि संस्कृत ‘मृग’ हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. संस्कृतात मृग म्हणजे आधी कोणताही वन्य प्राणी, म्हणून सिंह हा मृगेंद्र आणि शिकार ही मृगया. हरिण हा अर्थ नंतर पक्का झाला. इराणात त्याच शब्दाचा पक्षी झाला. फारसी महाकाव्यातील ‘सीमुर्ग’ हा अद्भुत पक्षी अवेस्तेच्या भाषेत ‘मृग’ आणि ‘श्येन’ यांच्या जोडीने ओळखला जातो, आणि फारसीतून दख्खनमध्ये उतरलेला मुर्ग आपल्या मुर्गीत आहेच. तेव्हा मार्गरीतचे मराठीतले नाते शोधायचेच असेल तर ते मंजिरीशी शोधू नये. ज्या मृग नक्षत्राच्या पावसाची आपले शेतकरी वाट पाहतात, त्या मृगाशी शोधावे. कोशकारांनी आपल्या पुढच्या आवृत्त्यांमधून ‘मञ्जरी’ काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखनाचे सांगायचे राहिले. ‘मार्गुराइट’ हे इंग्रजी डोळ्यांनी वाचलेले रूप पूर्णपणे त्याज्य आहे. फ्रेंच लेखनात ‘ग’नंतरचा ‘यू’ केवळ ‘ग’ कठोर ठेवण्यासाठी येतो, तो उच्चारला जात नाही. शेवटी ‘ट’ लिहू नये. फ्रेंच ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, आणि ‘ट’ची सवय आपल्याला इंग्रजांकडून लागली आहे. ‘मार्गरीत’ असे लिहावे, मधला ‘ग’ हलका ठेवावा. आजी-आजोबांनाही हे नाव पहिल्याच दिवशी नीट म्हणता येईल, जे झेर्मेनच्या ‘झ’विषयी सांगता येत नाही. ‘मार्ग’ आणि ‘रीत’ अशी फोड करून ‘सन्मार्गाची रीत जाणणारी’ असा अर्थ कोणी सांगू लागला तर तो बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापू नये. घरात हाक मारायला ‘मार्गो’ हे जुने लाडाचे रूप आहे. सोळाव्या शतकातील राजकन्या मार्गरीत द व्हालुआ याच नावाने ओळखली जाते. त्याचे ‘एक्स’ने संपणारे लेखन बोर्दोजवळच्या द्राक्षमद्याच्या गावावरून आलेले आहे आणि अलीकडच्या फॅशनचे आहे, म्हणून तुमच्या हेतूला ते उपयोगाचे नाही. जन्मानंतर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते. त्या नोंदीत पूर्ण ‘मार्गरीत’ लिहावे आणि ‘मार्गो’ घरासाठी ठेवावे.