तंत्र-शंका: स्ट्रम एकदा, नोंद दोनदा

प्रश्न: ‘गिटार हिरो’ हा व्हिडिओ गेम खेळण्यासाठी मी नेक (रंगीत बटणांचा लांब दांडा) सुटा होणारी एक जुनी वायरलेस गिटार, म्हणजे गिटारच्या आकाराचा कंट्रोलर, घेतली. लांब स्वर धरला की हिरवे बटण मध्येच सुटते आणि एकच स्ट्रम (तारांऐवजी असलेल्या बारला मारलेला फटका) कधीकधी दोनदा नोंदला जातो. बारखालचे दोन्ही मायक्रोस्विच (दाबताच संपर्क जुळवणारे छोटे स्विच) काढून हलक्या दाबाचे बसवू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: आपण लिहिलेले दोष दोन असून, स्विच बदलल्याने त्यांतला पहिला जाणार नाही. २००५ साली प्लेस्टेशन २ साठी आलेल्या पहिल्या ‘गिटार हिरो’ची गिटार अखंड होती, नेक सुटा झाला तो पुढच्या गिटारींत, आणि तेव्हापासून पाचही रंगीत बटणांचे संदेश नेक व धड यांच्यामधल्या लहानशा धातूच्या संपर्कपट्ट्यांतून जाऊ लागले. हिरवे बटण दाबून धरा आणि नेक हळूच हलवून पाहा. स्वर तुटला, तर दोष या पट्ट्यांत आहे. नेक स्थिर असतानाही तुटला, तर बटणाखालच्या रबरावरील काळी टिकली आणि तिच्यासमोरचा सर्किट बोर्ड साफ करावा लागेल. दोन्हीकडे कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे पुरते. पट्ट्यांचा दोष तरीही राहिला, तर बॅटरी काढून प्रत्येक पट्टी तिच्या समोरच्या पट्टीशी बारीक, लवचिक तारेने सोल्डर करावी. नेक मग सुटा होणार नाही, परंतु माझ्या मते नियमित खेळणाऱ्याने ही किंमत आनंदाने द्यावी.

स्ट्रम बारखाली वरच्या व खालच्या फटक्यासाठी एकेक मायक्रोस्विच असतो. आतला संपर्क झिजला की एकाच दाबात तो जुळतो, सुटतो आणि पुन्हा जुळतो. आधी फक्त खाली, मग फक्त वर असे सावकाश फटके मारून दोष कोणत्या बाजूला आहे ते ओळखा. मात्र फार हलक्या स्विचचा मोह टाळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण परत येणारा बार मध्यावर न थांबता पलीकडचा हलका स्विच दाबू शकतो आणि ज्या दुहेरी नोंदीसाठी आपण खटाटोप केला तीच नव्या कारणाने परत येते. मूळ आकाराचे व मूळ दाबाचेच स्विच घ्यावेत, आणि एकच बिघडला असला तरी जोडीने बदलावेत, म्हणजे वरचा व खालचा फटका हाताला सारखा लागेल.