लॅब्रॅडॉरला ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया झालाय. घरी काळजी कशी घ्यायची, रक्त वाढायला काय द्यायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लातूरजवळच्या गावात राहता, कुत्रा पाच वर्षांचा, 28 किलोचा. चार दिवस मलूल होता, लघवी गडद झाली, तपासणीत पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा) 16 निघाला आणि डॉक्टरांनी हा आजार सांगून स्टिरॉइड सुरू केलं. आता घरी काय करायचं, काय खाऊ घालायचं आणि तो वाचेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आजार गंभीर आहे. दगावणाऱ्यांतले बहुतेक कुत्रे पहिल्या दोन आठवड्यांतच जातात, आणि तेवढा काळ निभावून नेला तर पुढे चांगलं जगणारेही पुष्कळ असतात. म्हणून घरातली माणसं, पैसा, रजा, जी काही ताकद असेल ती आत्ता या पंधरवड्यात लावा.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडते. रक्त बनण्यापेक्षा मोडणं जास्त, अशी स्थिती असते. मोडलेल्या पेशींमधलं लोह बहुतांशी शरीरातच राहतं आणि नव्या पेशींसाठी पुन्हा वापरलं जातं. त्यामुळे लोहाचं टॉनिक, बीट, डाळिंब, पपईच्या पानांचा रस यातल्या कशानेही रक्त वाढणार नाही. उलट टॉनिकमुळे शी काळी होते, आणि स्टिरॉइडमुळे पोटात रक्तस्राव झाला तरी शी काळीच होते. मग नेमकं काय झालंय ते कळायला मार्ग उरत नाही. अशक्त कुत्र्याच्या तोंडात रस ओतताना तो श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळीच.

डॉक्टरांना एक प्रश्न आजच विचारा: गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची तपासणी झाली का? आपल्याकडे गोठा, कडबा, गावातली मोकळी कुत्री यामुळे गोचीड बारमाही असतात, आणि बबेसिया किंवा एर्लिकिया हे गोचिडांतून येणारे जंतू अंगात असतील तर त्यातूनही हाच ॲनिमिया सुरू होऊ शकतो. स्लाइडवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं, म्हणून जमत असेल तर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी रक्ततपासणी) करून घ्या. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. बबेसियाचं औषध प्रकाराप्रमाणे बदलतं. बबेसिया गिब्सोनाय निघाला तर सहसा ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी लागते. गोठ्यात जनावरांसाठी ठेवलेलं डिमिनाझिनचं (बबेसियावरच्याच एका औषधाचं) इंजेक्शन कुणी अंदाजाने टोचू म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. कुत्र्यात त्याचा उपयोगी डोस आणि मेंदूला इजा करणारा डोस यांत अंतर फार थोडं असतं. गोचिडांसाठी जनावरांवर फवारायचं औषधही त्याच्या अंगावर नको. गोळी कोणती द्यायची ते डॉक्टर सांगतील.

आता रोजची नजर. सकाळी एकाच वेळी, एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात वरचा ओठ उचला आणि सुळ्याच्या वरची हिरडी पाहा. ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो. शेजारी पांढरा कागद धरून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे कालच्या फोटोशी ताडून बघता येईल. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. फिकट झाला तर रक्त उतरतंय, पिवळा झाला तर पेशी जोरात फुटताहेत. लघवी पांढऱ्या बशीत धरा. ती कोऱ्या चहासारखी किंवा लालसर दिसली तर लगेच डॉक्टरांना फोटो पाठवा. तो गाढ झोपलेला असताना 30 सेकंद छातीची हालचाल मोजून दुप्पट करा. हा आकडा 30 च्या आत हवा. पीसीव्ही घसरला की आधी श्वास आणि ठोके वाढतात, त्यानंतर कुत्रा आडवा होतो.

पण श्वासाचं आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल घरच्यांना फार कमी वेळा सांगितलं जातं: रक्ताच्या गुठळ्या. या आजारात रक्त कमी असूनही गोठण्याची ओढ जास्त असते, आणि बरेचसे मृत्यू फुप्फुसात गुठळी अडकून होतात. पीसीव्ही सुधारत असताना अचानक धाप लागली, मागचा पाय एकाएकी थंड पडून लुळा झाला, किंवा तो एकदम कोसळला तर सकाळपर्यंत थांबू नका. याचसाठी बहुतेकदा क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं औषध देतात. तुमच्या यादीत ते नसेल तर का नाही ते विचारा. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खूपच कमी असल्या, साधारण 30 हजारांच्या खाली, तर ते न देण्यालाही कारण असतं. माणसांच्या मेडिकलमध्ये क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एकत्र असलेल्या कॅप्सूलही मिळतात, तेव्हा पाकिटावरचं नाव अक्षर न अक्षर वाचून घ्या.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची सुरुवातीची मात्रा किलोला रोज 2 मिलिग्रॅमच्या आसपास असते. 25 किलोच्या वरच्या कुत्र्याला ती त्या हिशेबापेक्षा थोडी कमी ठेवतात, त्यामुळे 50 मिलिग्रॅमच्या आगेमागे आकडा दिसला तर घाबरू नका. गोळी खाण्यानंतरच द्या. तहान, लघवी, भूक आणि धापणं वाढणार. पाणी कधीही तोडू नका, टँकरवर दिवस काढत असलात तरी त्याची बादली भरलेली हवी. घरात लघवी झाली म्हणून रागावू नका, त्याला ती धरवतच नाही. रात्री दोनदा बाहेर न्या. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी बंद केली तर दोन संकटं एकदम येतात: आजार उलटतो, आणि शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असल्यामुळे कुत्रा कोसळू शकतो. उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची का, ते फोन करून ठरवा. मायकोफेनोलेट किंवा ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडलं असेल तर गोळी हातमोजे घालूनच हाताळा, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावू नये.

त्याच्या दुखण्यासाठी घरातली कोणतीही गोळी देऊ नका. स्टिरॉइडसोबत मेलोक्सिकॅम म्हणजे आतड्याला जखम, आणि पॅरासिटामॉल तांबड्या पेशींनाच मारक. कांदा-लसूणही पेशी फोडतो, शिजवला तरी. त्यामुळे आमटीत कुस्करलेली भाकरी, येसर घातलेला रस्सा, उरलेली भाजी बंद. कोंबडी साध्या पाण्यात शिजवून, कातडी काढून, भात किंवा कोऱ्या भाकरीबरोबर द्या. कच्चं मांस आणि कच्चं अंडं नको, औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली आहे. भूक अनावर होते, तेव्हा कचऱ्याचा डबा आणि कांद्याची टोपली उंचावर. कपाटातल्या डांबर गोळ्यासुद्धा उचला, त्यांनीही तांबड्या पेशी फुटतात.

रक्त चढवायची वेळ येण्याआधीच तयारी ठेवा. पीसीव्ही 15 च्या आसपास असेल आणि धाप, ग्लानी असेल तर डॉक्टर रक्त चढवा म्हणतील. आकड्यापेक्षा त्याची अवस्था जास्त महत्त्वाची. दाता कुत्रा 25 किलोच्या वर, तरुण, लसीकरण झालेला, गोचिडांच्या आजारांची तपासणी केलेला हवा. ओळखीतले दोन-तीन आत्ताच हेरून त्यांच्या मालकांशी बोलून ठेवा, रात्री अकराला दाता शोधणं अशक्य होतं. तुमच्या जिल्ह्यात उदगीरला आणि पलीकडे परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून रक्त चढवण्याची सोय आणि वेळ विचारा. तिथे जमलं नाही तर हैदराबाद की पुणे, हे घरात आधीच ठरलेलं असू द्या. उन्हाळ्यात प्रवास पहाटे किंवा रात्री करा. कमी रक्त आणि 42 अंशांचं ऊन एकत्र झेपत नाही. घरीही कूलरच्या खोलीत ठेवा आणि वीज जाते त्या वेळी पोटाला, पंजांना साध्या पाण्याचा ओला कपडा लावा. चालणं फक्त लघवी-शीपुरतं.

पीसीव्ही नेहमी एकाच लॅबमध्ये करा. माणसांच्या लॅबचं यंत्र कुत्र्याच्या लहान पेशी आणि प्लेटलेट मोजताना चुकू शकतं, म्हणून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पीसीव्ही काढता का ते विचारा. रक्त जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये घेऊन थंड डब्यात पाठवा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका, पेशी फुटतात.

हे सगळं एकट्याने ओढू नका. भिंतीवर कागद लावा: औषध, वेळ, कुणी दिलं, झोपेतला श्वास, हिरडीचा रंग. गोळ्या एकाकडे, रात्रीची फेरी दुसऱ्याकडे. खर्चाचं डॉक्टरांशी उघड बोला. पैसे थोडे असतील तर आधी कशावर लावायचे ते तेच सांगू शकतात, आणि हे विचारण्यात काही कमीपणा नाही. पुढे त्याचे हाल वाढत गेले आणि उपचार लागू पडेनात, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा विषयही त्यांच्याशी काढता येतो. तसं विचारलं म्हणजे तुमची माया कमी पडली असं होत नाही.

पीसीव्ही 30 च्या वर जाऊन दोन आठवडे टिकला की स्टिरॉइड हळूहळू उतरवतात, साधारण चौथा हिस्सा दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि प्रत्येक कपातीनंतर आठवडाभराने पीसीव्ही. एकूण उपचार चार ते आठ महिने चालतो. या काळात नेहमीच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पण त्याला मोकाट कुत्रं चावलं तर वाट पाहू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि स्टिरॉइड चालू असल्याचं आत जाताच सांगा.