प्रबंधाचा विषय घेण्याआधी

भाऊ, एम.ए. झालं, आता आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासात पीएच.डी. करायची म्हणतोस, मनापासून आनंद झाला. पण 'शीतयुद्ध आणि भारत' असला अवाढव्य विषय घेऊ नकोस, आयुष्य पुरायचं नाही. आधी आपल्या खानदेशाकडे बघ. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांची नजर आपल्या कापसाकडे वळली. 1936 ला फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष नेहरू स्पेनच्या यादवीवर बोलले, तेही एका खेड्यात! यातल्या एकेका धाग्यावर प्रबंध उभा राहतो.

नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा, आधी काढ. जुनी कागदपत्रं बघायला दिल्लीत राहणं शिष्यवृत्तीशिवाय झेपत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर असंख्य फायली जळगावात बसून वाचता येतात, तिथूनच सुरुवात कर. वाचताना मुख्य पत्राइतकेच समासातले शेरे बघ. मसुद्यातली कुठली ओळ कोणी खोडली, फाईल पुढे कोणाकडे गेली, परराष्ट्र धोरण कसं ठरलं ते तिथे कळतं. फाईल क्रमांक त्याच क्षणी टिपून ठेव. एक परकी भाषाही शीक.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. प्राध्यापक भरती रखडते, तासिका तत्त्वावर वर्षं निघून जातात. घरच्यांशी हे आजच बोलून घे.