कौतुक करा, पण नाव-तुकडीसकट नको

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौथीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली म्हणून शाळेने फेसबुकवर तिचा फोटो टाकला. खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. धाकट्या दिरांनी तोच फोटो एका एआय अ‍ॅपमध्ये घालून तिला नऊवारीतली राणी केलं आणि स्टेटसला ठेवलं. मी नको म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं कौतुकही करायचं नाही का?" माझं चुकतंय का?
— एक आई, मिरज

उत्तर : तुमचं काहीही चुकत नाही. सासूबाईंचं कौतुकही मनापासूनचं आहे, म्हणून फोटो काढायचाच नाही असा हट्ट धरू नका. चेहऱ्याला नाव, शाळा आणि तुकडी येऊन चिकटते, तिथे खरा धोका आहे.

२०२४ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 'लायन-५बी' हा संग्रह तपासला. एआयला चित्रं काढायला शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या पाचशे कोटींहून जास्त चित्रांची ती जंत्री. तिचा अगदी नगण्य भाग चाळला, तरी ब्राझीलमधल्या मुलांचे १७० फोटो सापडले. एका फोटोत दोन वर्षांची मुलगी नवजात बहिणीच्या इवल्या बोटांना हात लावते आहे. सोबतच्या मजकुरातून दोघींची नावं कळत होती, आणि बाळ जिथे जन्मलं त्या हॉस्पिटलचा नेमका ठावठिकाणासुद्धा. तो फोटो टाकणाऱ्याच्या मनात कौतुकच असणार.

आणि २०२३ मध्ये स्पेनच्या अल्मेंद्रालेखो गावात शाळकरी मुलींचे सोशल मीडियावरचे साधे फोटो उचलून ओळखीच्याच मुलांनी एआयने त्यांची नग्न चित्रं बनवली. सासूबाईंना हे शांतपणे, पण स्पष्ट सांगा. ऐकून त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील असं मला वाटतं.

शाळेला तोंडी सांगू नका. मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या : 'माझ्या पाल्याचा फोटो नावासह फेसबुकवर किंवा फ्लेक्सवर आमच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये, आधीचा काढून टाकावा, ही विनंती.' भाषा नम्रच ठेवा. हे फोटो टाकायचं काम बहुधा एखाद्या शिक्षिकेच्या गळ्यात पडलेलं असतं, तिला दुखवायचं कारण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची कलमं लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत आहे. तोवर शाळेने आपणहून पाळावं असंच मी म्हणेन.

भावजींना सांगा, अशा अ‍ॅपमध्ये घातलेला फोटो सहसा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. फोनमधून अ‍ॅप काढलं म्हणून तिथला फोटो पुसला जात नाही. आधी अ‍ॅपमधलं खातं बंद करायचं, मग अ‍ॅप काढायचं. राणी करायची हौस असेल तर तिला खरी नऊवारी नेसवा, फोटो काढा, छापून भिंतीवर लावा.

नातेवाइकांना फोटो पाठवतानाही तो एकदा मोठा करून बघा. गळ्यातलं ओळखपत्र, स्वेटरवरचा शाळेचा बिल्ला, दारावरची पाटी, मागे उभ्या व्हॅनचा नंबर. दिसलं तर कापा.

तुमच्या पत्रात मुलीला काय वाटलं ते कुठेच नाही. तिला विचारा. "आत्याला पाठवू का?" आणि "स्टेटसला ठेवू का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळे विचारा. ती नाही म्हणाली, तर घरात सगळ्यांसमोर तिची बाजू घ्या.

आणि कुणी फोटो बिघडवून पसरवलाच, तर लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ लिहून ठेवा. १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलांचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे 'बघा काय केलंय' म्हणूनही ते कुठल्याच ग्रुपवर टाकू नका.